उकडायची की फोडायची?

"उकडायची की फोडायची?"

आमच्या कोपऱ्यावरचा अंडीवाला ट्रेला हात लावण्याआधी हे विचारतो. परवा माझ्यापुढे एक तरुण उभा होता, खांद्याला जिमची बॅग. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "काय फरक पडतो मामा? सगळी तीच ना?" अंडीवाल्याने वरचा ट्रे बाजूला सरकवला, खालच्यातली डझनभर अंडी काढून पिशवीत घातली आणि म्हणाला, "ही मागच्या आठवड्यातली. सोलायला बरी." पोराचा चेहरा पडला. पैसे मोजून शिळा माल घ्यायचा, हे त्याला पटेना. मला मात्र त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

कारण तो म्हणाला ते शंभर टक्के खरं आहे. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो दिवसागणिक निसटत जातो. पांढरं हळूहळू अल्कधर्मी होतं आणि उकडल्यावर आतल्या पापुद्र्याला पहिल्यासारखं चिकटून राहत नाही. ताजं अंडं उकडून सोलायला घ्या, कवचाबरोबर निम्मं पांढरंही हातात येतं. उलट तव्यावर फोडायचं तर ताजंच हवं. पांढरं बलकाला धरून राहतं, पसरत नाही. भाजी, मासळी, दूध सगळं ताजं घ्यायचं, ही आपली शिकवण. अंडं तिला अर्धीच मानतं.

फोडायचं म्हटलं की मला आमच्या अप्पाकाकांचं परसदार आठवतं.

सांगलीचं घर. काका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. नमुन्याची हळद दिवसभर हाताळून त्यांच्या बोटांच्या पेरांना एक कायमचा पिवळेपणा आलेला, रविवारी न्हाऊनही न जाणारा. घरात आजीचं राज्य. अंडं खायला तिची बंदी नव्हती. बंदी होती ती उंबऱ्याच्या आत. न्हाणीघराच्या वळचणीला एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर जर्मनचं एक पातेलं, एक लाकडी चमचा, तीन-चार बशा आणि मिठाची वेगळी बरणी. या भांड्यांना घरातल्या राखेचाही स्पर्श होत नसे. त्यांच्यासाठी राखसुद्धा निराळ्या डब्यात ठेवलेली असे.

आत स्वयंपाकघरात पंपाचा स्टोव्ह होता, फरफरणारा, दोन मिनिटांत चहा उकळून देणारा. तो बाहेर येणं शक्यच नव्हतं. काकांच्या वाट्याला आला तो वातीचा जुना स्टोव्ह. त्याच्याही निम्म्या वाती जळून आखूड झालेल्या, वर रॉकेल रेशनचं. ज्योत कशीबशी निळी व्हायची. त्या मंद आचेवर काका भुर्जी करायला बसत आणि आम्ही पोरं धुण्याच्या दगडावर रांगेने.

अंडी फोडून पातेल्यात, चमच्याने जेमतेम ढवळलेली, थोडंसं तूप. तूप मात्र घरातलं. आजी ते वाटीत काढून उंबऱ्यावर ठेवी. मग काका ढवळत राहत. काहीच होत नसे. आम्हाला वाटायचं, स्टोव्ह विझला. काका ढवळत राहत. पातेल्याच्या तळाशी कुठेतरी एक मऊ पापुद्रा धरायचा, चमच्याने तो उचलला की खाली दुसरा. कांदा नाही, टोमॅटो नाही. शेवटी मिरचीचे दोन तुकडे आणि कोथिंबीर. बशीत पडे तेव्हा ती भुर्जी ओलसर असायची, थरथरायची.

आणि हे सगळं चालू असताना आजी आतल्या बाजूला, दाराच्या चौकटीला टेकून उभी. जन्मात तिने अंड्याची चव घेतली नव्हती. पण सूचना सगळ्या तिच्याच. "मीठ आधीच घाल, मागाहून घातलंस तर लागणार नाही." "अरे, वास बदलला. उतरव आता." काका म्हणत, "आई, अजून ओलं आहे." "उतरव म्हणते ना. पातेलं गरम आहे, राहिलेलं त्याच्यात होईल." काका उतरवत. ती दर वेळी बरोबर असे. न चाखता, केवळ नाकाने आणि इतर पदार्थांच्या अनुभवाने, तिने ओळखलं होतं की अंडं आचेवर पूर्ण शिजवायचं नसतं.

एकदा काका दुकानातून नवीनच हत्यार घेऊन आले. गांधीजींनी आरोग्यावरच्या आपल्या पुस्तिकेत लिहिलं आहे की ज्या अंड्यातून पिल्लू निघणारच नाही असं अंडं दूध चालणाऱ्या माणसाला वर्ज्य असण्याचं कारण नाही. काकांनी हे उंबऱ्याशी उभं राहून, आवाज चढवून सांगितलं. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं असेल. गांधीजी आले असते तर त्यांनाही मी परसदारीच पाट मांडला असता." विषय संपला.

पुढे मला शास्त्र वाचताना कळलं ते असं. पांढरं साधारण बासष्ट अंशांपासून धरायला लागतं, बलक पासष्टच्या आसपास घट्ट होऊ लागतो. पाणी उकळतं शंभराला. म्हणजे अंड्याला उकळीची गरजच नाही. आपण उगाच ती लादतो. आच वाढली की प्रथिनांची जाळी आवळत जाते, धरून ठेवलेलं पाणी पिळून बाहेर येतं आणि बशीत रबरी गोळे आणि खाली पाणी उरतं. मीठ आधी घातलं तर ही जाळी इतकी घट्ट आवळत नाही. काकांची भुर्जी मऊ होती ती वाती आखूड होत्या म्हणून आणि आजी पाठीशी उभी होती म्हणून. पंपाचा स्टोव्ह त्यांना मिळाला असता तर आमच्या घराण्याला भुर्जी म्हणजे काय ते कळलंच नसतं.

मुंबईला पहिल्यांदा इराण्याकडे अकुरी खाल्ली तेव्हा मी चमचा तसाच धरून बसले. कांदा, आलं, हळद, टोमॅटो सगळं होतं, पण खाली तीच ओल. पारशी लोक अकुरी कोरडी होऊ देत नाहीत आणि भेंडी, बटाटा, टोमॅटो, मेथी, हाताला लागेल त्या भाजीवर अंडी फोडून झाकण घालतात. काकांनी उभ्या आयुष्यात एकही पारशी पाहिला नसावा. मी धोबी तलावच्या 'कयानी'त बसले होते, 1904 सालापासून चालू असलेल्या, आणि सांगलीच्या परसातलं रॉकेल मला तिथे आठवत होतं.

माझं एक निरीक्षण आहे. आमच्यासारख्या घरांतल्या त्या पिढीच्या पुरुषांना एकच पदार्थ येत असे, तो म्हणजे अंडं. भात लावता यायचा नाही, पण आमलेट उलटता यायचं. स्वयंपाकघराने अंड्याला बाहेर काढलं, तसे पुरुष त्याच्याबरोबर बाहेर बसले आणि शिकले. अंडं आत आलं, गॅस आला, फ्रीजच्या दारात अंड्यांसाठी खळगे आले, आणि पुरुष पुन्हा पेपर वाचायला लागले.

सगळ्यांकडे असं नव्हतंच. आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर होतं तिथे अंडं चुलीवर असे आणि सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न उद्भवत नसे. त्या घरच्या काकूंचं कालवण मी अजून करते. कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, पातळसर रस्सा. रस्सा उकळला की आच कमी करायची, अंडं वाटीत फोडून पातेल्याच्या कडेने अलगद सोडायचं, दुसरं त्याच्यापासून जरा लांब. मग झाकण. ढवळायचं नाही, डोकावायचंही नाही. तीन-चार मिनिटांत पांढरं धरतं, बलक आत वाहता. भाकरीचा तुकडा घालून तो फोडला की पिवळा ओघळ रश्शात उतरतो. साहेबाच्या हॉटेलात हेच अंडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात सोडतात आणि मोठ्या प्लेटमध्ये एकटंच आणून ठेवतात. मला ते बघून वाईट वाटतं. या कालवणाला अंडं ताजंच लागतं, नाहीतर रश्शात पांढऱ्या चिंध्या.

बलकाच्या रंगावरून लोक फार फसतात. गर्द केशरी बलक म्हणजे गावठी, म्हणजे पौष्टिक, म्हणजे दुप्पट भाव. रंग कोंबडीच्या खाण्यातून येतो. मका खाल्ला की पिवळा, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळला की केशरी. दसऱ्याला दाराला लागतो तोच झेंडू. गावठी अंडं मला आवडतं, पण त्याच्या नावाने जी आरती चालते तिच्यात मी टाळी वाजवत नाही.

पेपरात बाजारभावांच्या रकान्यात अंड्याचा भाव मी अजून बघते, शेकड्याचा. हा भाव जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आपल्या पुण्याची, 1982 सालची. त्याआधी भाव व्यापारी ठरवत आणि कोंबड्या पाळणाऱ्याच्या हाती खर्चही पडत नसे. डॉ. बी. व्ही. राव यांनी पाळणाऱ्यांना एकत्र आणलं. मग दूरदर्शनवर ती जाहिरात आली, रविवारचं यमक सोमवाराशी जुळवणारी आणि रोज अंडी खायला सांगणारी. आजी ती लक्ष देऊन ऐके. "सोमवार धरला," ती म्हणाली, "आणि चतुर्थीचं काय? गुरुवारचं? श्रावणाचं?" यमकात तेवढी जागा नव्हती.

त्याच सुमारास काकांना डॉक्टरांनी बलक बंद केला. तेव्हा जगभर तीच हवा होती. 1984 साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन अंड्यांचे डोळे आणि बेकनचं वाकडं तोंड असा चेहरा छापला होता. काका उरलेलं आयुष्य नुसतं पांढरं खात राहिले, औषध घ्यावं तसं. 2015 च्या सुमाराला अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून कोलेस्टेरॉलची तीनशे मिलिग्रॅमची मर्यादा निघून गेली, तेव्हा काका नव्हते. आता जिमच्या बॅगवाली पोरं सहा पांढरी खातात आणि सहा बलक मोरीत ओततात. प्रत्येकाने आपापलं आरोग्य सांभाळावं. पण तो मोरीत जाणारा पिवळा ओघळ बघून माझ्या पोटात कालवतं.

उकडणं त्या मानाने कोरडं काम आहे, घड्याळाचं. जेम्स बाँड सकाळी एकच अंडं खातो, तीन मिनिटं वीस सेकंद उकडलेलं. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह' या 1957 च्या कादंबरीत इयन फ्लेमिंगने कोंबडीची जातसुद्धा दिली आहे, फ्रेंच मारान्स. अंडं अगदी ताजं, पण त्याला सोलायचं कुठे असतं! कपात उभं करायचं, वरची टोपी उडवायची, चमच्याने खायचं. आपल्याला सोलायचं आहे, तेव्हा पाणी आधी उकळू द्यावं आणि मग अंडी सोडावीत. थंड पाण्यापासून सुरुवात केली तर कवच पांढऱ्याला धरून बसतं. सहा-सात मिनिटांत बलक मधासारखा, दहात कोरडा. त्यापुढे गेलात तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातला गंधक यांचं ते लग्न. विषारी काही नाही, पण डब्यात उघडल्यावर वर्गातली मुलं नाक धरतात, हे मात्र खरं. म्हणून वेळ झाली की ताबडतोब गार पाण्यात.

पण हे सगळं सकाळचं बोलणं. खरं सांगायचं तर मराठी माणसाचं अंडं रात्रीचं आहे. सकाळ पोह्यांची, उपम्याची, उरलेल्या भाताच्या फोडणीची. अंडं भेटतं रात्री साडेदहाला, स्टँडबाहेरच्या गाडीवर, पेट्रोमॅक्स गेला आणि एलईडी आला तरी. तिथे काकांचं शास्त्र चालत नाही. आच भडकलेली, तव्यावर उलथन्याचा ताल, कांदा करपायच्या बेतात, अंडं पडतं न पडतं तोच भुगा, त्याच तेलात पाव घोळून बाजूला. कोरडी, तिखट, खरपूस. तीही भुर्जीच. तिला मऊ कर म्हणून सांगणं म्हणजे लावणीला अंगाई म्हणायला लावणं. गोव्यात ही वेळ रोस आमलेटची. पणजीत संध्याकाळी गाडे लागतात, आमलेटवर शागुतीचा रस्सा ओततात, वर कच्चा कांदा, लिंबू, बाजूला पाव. आमलेट रश्शात भिजून ढिलं पडतं आणि मग त्याला जी चव येते तिच्यापुढे तव्यावरचा कुरकुरीतपणा फिका.

राहता राहिलं टोमॅटो आमलेट, ज्यात अंडंच नसतं. आजीच्या स्वयंपाकघरात आमलेट म्हणून जे काही शिरलं ते एवढंच. बेसन, किंचित तांदळाची पिठी, बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, ओवा. काका ते खाताना दर वेळी "यात अंडं कुठाय" म्हणत आणि दर वेळी तिसरं मागत. मला हा पदार्थ खोटा वाटत नाही. पीठ पातळ हवं, कडेला जाळी पडायला हवी, आणि सोबत पाव नको, लोणी लावलेला स्लाइस ब्रेड हवा. वर सॉस ओतणाऱ्याला मी अडवत नाही. फक्त त्याच्या टेबलावर बसत नाही.