गाडी माझीच, सीट मागची

तीन वर्षांपूर्वी मी टर्बो पेट्रोल गाडी घेतली. शून्यावरून शंभरचा वेग ती नऊ सेकंदांच्या आत गाठते. "बेळगावच्या रस्त्यांवर याचा उपयोग काय?" असं बाबांनी तेव्हाच विचारलं होतं. उपयोग एकच, काकती सोडलं की पुढं कोल्हापूरपर्यंतचा महामार्ग. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाठीला बसणारा तो रेटा फार आवडायचा. मर्यादा ओलांडून काटा १२० वर गेला, तरी गाडी अगदी हातात आहे असं वाटायचं.

आई मात्र हळूहळू गाडीत बसेनाशी झाली. पूर्वी आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी अंबाबाईच्या दर्शनाला जायचो. मग कधी तिचे गुडघे दुखायला लागले, कधी गॅसवाला येणार असायचा, तर कधी "घरात कोणीतरी हवं की" असं कारण यायचं. मला वाटलं, वय झालं तिचं. गाडीत असली की "सावकाश चालव की रे जरा" हे तिचं ठरलेलं वाक्य. "अगं, माझा कंट्रोल आहे" हे माझं ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी टर्फवर क्रिकेट खेळताना माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर हातावर असतानाच कोल्हापूरला मामेबहिणीचा साखरपुडा निघाला. माहेरचं कार्य, त्यामुळे आईला टाळता येईना. धाकटा भाऊ चालवायला, बाबा नेहमीप्रमाणे पुढं, आई आणि मी मागं. भावाला गाडी मीच शिकवली आहे. तो अगदी माझ्यासारखीच चालवतो. म्हणजे त्या दिवशी मी माझ्याच ड्रायव्हिंगचा पॅसेंजर होतो.

पहिल्या पंधरा मिनिटांतच माझा उजवा पाय खालच्या मॅटवर नसलेला ब्रेक दाबायला लागला. पुढच्या ट्रकचे लाल दिवे मला दिसत होते. भावालाही दिसत असणार. पण ब्रेक कधी दाबायचा हे त्याच्या डोक्यात ठरलेलं होतं, माझ्या नाही. १२० च्या वेगानं गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तेवढ्या एका सेकंदात पोटात गोळा येत होता. यमकनमर्डीच्या पुढं त्यानं झटक्यात लेन बदलून दोन ट्रक मागं टाकले. हेच मी केलं असतं, तर मला मजा आली असती.

मी आईकडं पाहिलं. डावा हात खिडकीवरच्या हँडलला, उजवा हात मांडीवरच्या आहेराच्या पिशवीवर. बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती काहीच बोलत नव्हती.

"आई, तू नेहमी असंच धरून बसतेस?"

"मग काय तर. तुला पुढं काय करायचंय ते ठाऊक असतंय. आम्हाला कुठं ठाऊक असतंय?"

मी इंजिनिअर. ही गोष्ट मला कुणी सांगायला नको होती. आपल्या हातानं आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, कारण हात काय करणार हे मेंदूला आधीच कळलेलं असतं. ड्रायव्हरचं तसंच आहे. स्टिअरिंग फिरवतानाच शरीर तयारी करतं. म्हणूनच स्वतः चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही आणि मागं बसलेल्याला लागते. तवंदी घाटात हे डोळ्यांनी दिसलं. वळणावर भावाची मान वळणाच्या आतल्या बाजूला झुकायची आणि आम्हा तिघांच्या माना बाहेर फेकल्या जायच्या. गाडी एकच, रस्ता एकच, पण पुढच्या उजव्या सीटवर जो वेग असतो तो बाकीच्या सीटवर धक्का होऊन पोचतो.

निपाणीला चहाला थांबलो. भावाला बाजूला घेऊन म्हटलं, "जरा सावकाश घे." तो हसला, "तुझ्याकडूनच शिकलोय की!" यावर मी काय बोलणार? चहा पिता पिता हिशोब केला. कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. सगळा रस्ता १२० नं तोडला तर ५५ मिनिटं, १०० नं गेलं तर ६६. फरक ११ मिनिटांचा, आणि तोही कागदावरचा. टोलनाका, ट्रक, गावाजवळची गर्दी धरली तर त्याहून कमी. शिवाय धडकेची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. १०० ऐवजी १२० म्हणजे ४४ टक्के जास्त. एवढ्यासाठी आईचे गुडघे दुखत होते.

प्लास्टर निघाल्यावर मी तीन गोष्टी बदलल्या. काटा १०० च्या वर नेत नाही. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवतो, म्हणजे ब्रेक लवकर आणि हळू दाबता येतो. आणि ओव्हरटेक करण्याआधी "आता पुढं काढतोय" असं बोलतो. सुरुवातीला भाऊ चिडवायचा, "विमानातली अनाउन्समेंट" म्हणून. मजा कमी झाली का? थोडी झाली, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात आई स्वतःहून म्हणाली, "अंबाबाईला जाऊन येऊया की." परतताना संकेश्वरच्या पुढं गाडीत एकदम शांतता झाली, म्हणून आरशात पाहिलं. आई झोपली होती. दोन्ही हात मांडीवर, प्रसादाच्या पिशवीवर.

तुमच्याही घरात कुणाला हल्ली गाडीत बसायचा कंटाळा येत असेल, तर एकदा किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः मागं बसून बघा. तुमच्यासारखीच चालवणारा कुणी मिळाला तर आणखी बरं.