कारणाचा रकाना

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार
गणपती बसले. माझं सेवा केंद्र दुपारपर्यंतच उघडं ठेवलं. आरती उरकून फोन हातात घेतला, तर भारतीय मालावर अमेरिकेचा ५० टक्के आयातकर आजपासून लागू. ७ तारखेला २५ झालाच होता, त्यावर आणखी २५. मावसभावाचा मुलगा आणि सून सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात आहेत, माल अमेरिकेलाच जातो. लगेच फोन केला. "गोडाऊन भरलंय आत्या, पण माग चालू हायत," म्हणाला.

२० सप्टेंबर, शनिवार
बाजाराचा दिवस, दाखल्यांना रांग. त्यातच दोघं एसटीतून उतरून थेट माझ्यासमोर. हातात भांड्यांची पिशवी. निम्मे माग बंद केले, सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. तोंडीच, कागद नाही.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा सांगतो की कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. भाच्याची सहा वर्षं भरली, म्हणजे ९० दिवसांचा पगार झाला. पण कमी केलं असं लिहून दिलंच नाही, तर मागायचं कशाच्या जोरावर?

त्याचा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, क्रमांक आहे, पगारातून दरमहा कपात होत होती. तिचं काहीच नाही. ती ठेकेदाराकडे घडी-पॅकिंगला, नगावर मजुरी. मी प्रिंट काढत होते तेवढ्यात तिनं टेबलावरचा माझा हात पुसायचा टॉवेल उचलला, झटकला, तीन घड्या घालून किनार बाहेर काढून ठेवला. डोळे दुसरीकडेच होते.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
ईएसआयचा सप्टेंबरचा भरणा दिसायला लागला म्हणून त्याचं खातं उघडलं. शेवटच्या महिन्यापुढे कारण: नोकरी सोडली. छातीत धस्स झालं. त्याच यादीत 'कामावरून कमी' आहे, 'काम नाही' आहे. निवडणाऱ्यानं वरचं काहीतरी टिचकवलं, की मुद्दाम, देव जाणे. काम गेल्यावर भत्ता देणाऱ्या ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत आपणहून काम सोडणाऱ्याला एक पैसा मिळत नाही. सहा वर्षांची कपात त्या एका शब्दावर अडकली. मी त्याला म्हटलं, फोन करू नकोस, जाऊन उभा राहा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
भाऊबीजेनंतर गेला, दोन दिवस कारखान्याच्या दारात बसला आणि कारण दुरुस्त करून आला. आज दावा भरला. हिशोब असा: चार अंशदान कालावधींची एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. त्याला १३ हजार पगार होता. दिवसाला २१३ रुपये, सगळे मिळून १९ हजारांच्या आसपास. योजना २०१८ ची. तेव्हा निम्म्याऐवजी पावच मिळायचं, कोविडमध्ये वाढवलं. रांगेतल्या चौघांना विचारलं, एकानंही नाव ऐकलेलं नव्हतं. मला याचा राग येतो. पैसे कापताना विचारावं लागत नाही, देताना मात्र माणसानं शोधत यायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पेपरात आहे: मंत्रिमंडळानं काल निर्यातदारांच्या कर्जाला २० हजार कोटींची हमी मंजूर केली, शिवाय २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान. चांगलंच आहे, कारखाना टिकला तरच माग फिरतील. पण मागावरच्या माणसाची ओळ मी दोनदा शोधली.

अमेरिकेनं अशी ओळ १९६२ सालीच कायद्यात घातली होती, केनेडींच्या काळात. परदेशी मालामुळे काम गेलं हे सिद्ध झालं की त्या कामगाराला भत्ता आणि नवं शिक्षण. १ जुलै २०२२ पासून तिथंही नवे अर्ज मंजूर होत नाहीत. आपल्याकडे १९८६ ची योजना होती: खासगी कापड गिरणी कायमची बंद पडली तर पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. तीन वर्षं! माणूस तेवढ्यात दुसरा धंदा शिकतो. पण ती योजना गिरणी बंद पडल्यावरच. इथं गिरणी चालू आहे, अर्धी. आणि परदेशातल्या करामुळे काम गेलं, असं कारण आमच्या कुठल्याच यादीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
कालपासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कमी केलेल्या कामगारामागे मालकानं १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा, तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात. पण भाच्याचं काम सप्टेंबरातच गेलं.

त्याचे पैसे जमा झाल्याचा मेसेज घेऊन दोघं आली. ती हल्ली डाळिंबाच्या पेट्या भरायला जाते. बोटांना सालीचा काळा रंग चढला आहे. "आत्या, माझा फॉर्म कवा भरायचा?" मी ई-श्रम उघडलं. काम गेल्याचा भत्ता त्यात नाही, हे तिला आधीच सांगितलं. तरी नाव तरी कुठं लागू दे म्हणाली. व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबले. डाळिंबाचं लिहू का?

"टॉवेलचं लिहा. ह्ये पंधरा दिवसांत संपतंय."