हे खरे आहे काय?

प्रश्न विचारून पोट भरणारी माणसे जगात तीन जातींची. डॉक्टर, वकील आणि आम्ही मास्तरलोक. त्यांतला डॉक्टर तेवढा उत्तर ठाऊक नसते म्हणून विचारतो. वकिलाला उत्तर आधीच ठाऊक असावे लागते, नाहीतर तो साक्षीदाराच्या वाटेला जात नाही. आणि आम्हांला तर उत्तर तोंडपाठच असते. समोरच्याला ते येत नाही याची खात्री करून घ्यायची, एवढेच. आमदार-खासदार सभागृहात उभे राहून मंत्र्यांना प्रश्न विचारतात ते यांपैकी कोणत्या जातीचे, याचा मी बरीच वर्षे विचार करीत आहे.

घरच्या मंडळींना माझा हा छंद विक्षिप्त वाटतो. कॉलेजला सुटी असावी आणि नेमकी संसद चालू असावी, की अकरा वाजता मी दूरचित्रवाणीसमोर फतकल मारून बसते. लोकसभेचा पहिला तास प्रश्नांचा. राज्यसभेने आपला प्रश्नोत्तराचा तास २०१४ च्या नोव्हेंबरात बारा वाजता नेला, त्यामुळे एकापाठोपाठ एक दोन्ही पाहता येतात आणि कुकरच्या शिट्या मोजायच्या राहून जातात.

खरे सांगायचे तर मला याची ओढ लागली ती राजकारणामुळे नव्हे, व्याकरणामुळे. आपल्या विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या एकदा जरूर वाचून पाहा. त्यांची एक ठराविक चाल आहे. अमुक तालुक्यातील तमुक पुलाचे काम दोन वर्षे रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि समोर उत्तरे: हे अंशतः खरे आहे. चौकशी करण्यात येत आहे. प्रश्न उद्भवत नाही.

‘प्रश्न उद्भवत नाही!’ पूल नसल्यामुळे पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतली बाळंतीण खाटेवरून न्यावी लागते, आणि इकडे प्रश्नच उद्भवत नाही. परंतु मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या उत्तरांत कर्ता नसतो. निधी वितरित करण्यात आला, काम हाती घेण्यात येत आहे, दोषींवर कारवाई करण्यात येईल. करण्यात येईल, पण करणार कोण? द्वितीय वर्षाच्या वर्गाला प्रयोग शिकवताना मी असल्या उत्तरांचा एक उतारा देते आणि प्रत्येक वाक्यात कर्ता घालून लिहायला सांगते. बहुतेक मुले सगळीकडे ‘शासनाने’ असे घालून मोकळी होतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “मॅडम, पण शासन म्हणजे कोण?” त्याला मी पूर्ण गुण दिले. सभागृहातला उपप्रश्न नावाचा जो प्रकार आहे, तो या मुलाच्या प्रश्नाहून निराळा नाही. छापील उत्तरातून जो कर्ता निसटला, त्याला शोधून आणायचे.

हा हक्क आपल्याला हप्त्याहप्त्यांनी मिळाला. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सभासदाला प्रश्न विचारता येऊ लागला. पण एकदा विचारायचे आणि मिळेल ते उत्तर घेऊन खाली बसायचे. उपप्रश्न १९०९ मध्ये आला, तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरताच. परराष्ट्रसंबंध आणि संस्थाने हे विषय सोवळ्यात ठेवलेले होते, त्यांना शिवायचे नाही. गोखल्यांसारख्या माणसाला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आकडेमोडीवर एवढी हुकमत का मिळवावी लागली, ते यावरून थोडे ध्यानात येते. उलट प्रश्न करता येत नसेल तर आकडाच असा बिनतोड पाहिजे की समोरच्याला हलता येऊ नये.

इंग्रजांच्या घरी मात्र पहिला नोंदलेला प्रश्नच परराष्ट्रखात्याचा निघावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. साल १७२१. साउथ सी कंपनीचा फुगा फुटून अर्धे लंडन नागवले गेले होते आणि कंपनीचा खजिनदार समुद्रापार पळाला होता. तो ब्रसेल्सला पकडला गेला हे खरे काय, असे लॉर्ड काउपर यांनी उमरावांच्या सभेत सरकारला विचारले. होय, पकडला गेला होता. पुढे त्याला ताब्यात मागण्याचे सोपस्कार झाले, तिथल्या लोकांनी आपल्या जुन्या सनदेकडे बोट दाखवून नकार दिला आणि काही महिन्यांनी स्वारी अँटवर्पच्या किल्ल्यातून पसार झाली. तो परत येऊ नये आणि त्याच्या वह्यांतली बड्या लोकांची नावे उघडी पडू नयेत अशी लंडनच्या दरबाराचीच आतून इच्छा होती, असे इतिहासकार म्हणतात. तीनशे वर्षांपूर्वीचे हे एक प्रकरण, आणि प्रश्नोत्तराचे सगळे नाटक त्यात आलेच की!

आमच्याकडे प्रश्नाला नियमांचे कुंपणही फार आहे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रश्नात युक्तिवाद नको, अनुमान नको, विशेषणे नकोत आणि उपरोधही नको. (या एका नियमावर पुण्याचा माणूस निवडून कसा जातो, हे मला कोडे आहे.) साध्या संदर्भग्रंथात मिळेल ती माहिती विचारू नये. मित्रराष्ट्राचा उल्लेख अनादराने करू नये. दिवसाला वीस प्रश्न तारांकित, म्हणजे ज्यांची उत्तरे मंत्र्याने उभे राहून द्यायची. त्यांचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो आणि सगळे वीस क्वचितच पुढे येतात. बाकीचे दोनशे तीस अतारांकित, लेखी उत्तराचे. एवढ्या चाळणीतून जो प्रश्न खाली उतरतो तो अगदी साजूक, निरुपद्रवी दिसतो. त्या दिसण्यावर जाऊ नये.

मुंदडा प्रकरणाची सुरुवात अशाच एका निरुपद्रवी प्रश्नाने झाली. १९५६ मध्ये आयुर्विमा राष्ट्रीय झाला होता. विमा उतरवणारा म्हणजे कोण? तुमच्याआमच्या आजोबांसारखा, महिन्याच्या पगारातून हप्ता बाजूला काढून ठेवणारा पांढरपेशा. १९५७ च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले, आणि तेही गुंतवणूक समितीला न विचारता. त्या सप्टेंबरात लोकसभेत याविषयी प्रश्न आला. नोव्हेंबरात पुन्हा आला. उत्तरे गोलगोल होती. मग १६ डिसेंबरला फिरोझ गांधी उभे राहिले. सत्ताधारी पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जावई! त्यांनी कागद बाहेर काढले तेव्हा सरकारला चौकशी नेमल्याशिवाय गत्यंतर उरले नाही.

चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केली. उघड्यावर केली आणि महिन्याभरात संपवली. आज हे वाचताना डोळे चोळावे लागतात. तिथे सारा वाद एकाच गोष्टीवर येऊन ठेपला. हे भाग घ्यायला सांगितले कुणी? अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी म्हणाले, मी नाही. सचिव एच. एम. पटेल म्हणाले, मंत्र्यांच्या संमतीवाचून काही झाले नाही. माझ्या वर्गातल्या मुलासारखाच छागलांना कर्ता सापडेना. तेव्हा त्यांनी घटनेचा दंडक पुढे ठेवला, की सचिवाच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. १९५८ च्या फेब्रुवारीत कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. ‘भाग घेण्यात आले’ या वाक्यात कर्ता घालायला पाच महिने लागले.

एवढे मोठे काही आपल्या वाट्याला येत नाही. माझ्या आत्याच्या वाट्याला आले ते लहानच. एकतीस वर्षे शाळेत शिकवून ती निवृत्त झाली. निवृत्तिवेतनाच्या फरकाची रक्कम तीन वर्षे अडकून पडली, कारण सेवापुस्तकातल्या एका नोंदीवर कुणाची तरी सही राहिली होती. कचेरीत गेले की सांगत, कागद वर पाठवले आहेत. वर गेले की सांगत, खाली परत पाठवले आहेत. वर आणि खाली यांच्यामध्ये जी जागा असते तिथे सरकारचा बराचसा कारभार चालतो. शेवटी शिक्षक मतदारसंघातून निवडून गेलेल्या एका आमदारांनी त्या तालुक्यातल्या सगळ्याच निवृत्त शिक्षकांबद्दल प्रश्न टाकला.

कचेऱ्यांमध्ये या प्रश्नाला ‘एलएक्यू’ म्हणतात आणि तो शब्द चारचौघांत हळू आवाजात उच्चारतात. एलएक्यू लागला की रजा रद्द होतात, दिवे उशिरापर्यंत जळतात. त्या आठवड्यात भर पावसात एक कारकून छत्री सांभाळत आत्याच्या दारात उभा राहिला. “आजी, एवढी सही करा, उद्याच्या उद्या पाठवायचंय.” तीन वर्षे न मिळालेली सही एका दुपारी मिळाली आणि पंधरवड्यात पैसे जमा झाले. पुढे छापील उत्तर हाती आले, ते मी तिला वाचून दाखवले. ‘रक्कम प्रलंबित आहे, हे खरे आहे काय?’ ‘हे खरे नाही.’ ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’

आत्या संतापली. “म्हणजे तीन वर्षं मी खोटं बोलत होते होय?” तिची समजूत घालणे कठीण गेले. उत्तर लिहिले त्या तारखेला ते अक्षरशः खरे होते. प्रश्नानेच ते खरे केले होते. पण कागदावर तिची तीन वर्षे कुठेच नव्हती. पैसे मिळाले, कबुली मिळाली नाही. तिला कोणते अधिक हवे होते, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

परराष्ट्रव्यवहाराच्या प्रश्नांत ही अडचण दसपट होते. तिथल्या उत्तरांची एक स्वतंत्र बोलीच आहे. सरकार परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहे. ही बाब संबंधित सरकारकडे उपस्थित करण्यात आली आहे. व्यापक जनहिताच्या दृष्टीने अधिक माहिती देणे उचित होणार नाही. यातले शेवटचे वाक्य कधी खरे असते, कधी सोयीचे असते, आणि ऐकणाऱ्याला फरक ओळखता येत नाही. वाटाघाटी चालू असताना हातातले पत्ते उघडे करून दाखवायला कुणीच सांगणार नाही. पण अक्साई चीनचे काय झाले? सिंकियांग आणि तिबेट जोडणारा चिनी रस्ता त्या भागातून १९५७ मध्ये पुरा झाला. आपल्या सरकारने १९५८ च्या ऑक्टोबरात चीनकडे निषेधाचा खलिता धाडला. संसदेला ही गोष्ट कळली १९५९ च्या ऑगस्टअखेर. दहा महिने!

तेव्हा परराष्ट्रखाते पंडितजींकडेच होते आणि उत्तरे ते स्वतः देत. समोर पुण्याचे ना. ग. गोरे होते, राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै होते. दोघेही १९५७ मध्ये निवडून गेलेले. सभागृहाचा रोष एवढा वाढला की ७ सप्टेंबरला सरकारने चीनशी झालेला पत्रव्यवहारच श्वेतपत्रिका म्हणून छापून काढला, आणि पुढे अशा पत्रिकांची मालिकाच सुरू झाली. काही अभ्यासक म्हणतात, या छपाईने पंडितजींचे हात बांधले गेले. १९६० च्या एप्रिलमध्ये चौ एन लाय दिल्लीला आले तेव्हा देवाणघेवाणीला जागाच उरली नव्हती. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तरीही मला वाटते, हात बांधले ते उत्तराने नव्हे, उत्तराच्या उशिराने. थोडेथोडे कळत गेलेले लोक विचार करू शकतात. एकदम कळले की नुसते संतापतात.

पुढे १९७७ मध्ये हेच गोरे लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले. इतकी वर्षे उत्तरे मागणारा माणूस उत्तरे पुरवणाऱ्यांच्या पंक्तीला बसला. त्यांना तिथे मनात काय वाटत असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

आणि परराष्ट्रव्यवहार म्हणजे काही नुसते खलिते आणि सीमा नव्हेत. परदेशातल्या तुरुंगांत किती भारतीय आहेत, असा प्रश्न संसदेत वरचेवर येतो आणि उत्तराला देशवार कोष्टक जोडलेले असते. आखाती देशांच्या रांगेतले आकडे पाहावेत. कोकणातल्या कितीतरी घरांतला माणूस तिकडे आहे. भांडवली मजकूर, राजकारण काही नाही. नुसता एक आकडा. पण ज्या घरी सहा महिने फोन आला नाही त्या घराला तो आकडा निराळा दिसत असेल.

हा तास बंद राहिलेलाही आपण पाहिला आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात चिनी आक्रमणामुळे अधिवेशन लवकर बोलावले गेले, तेव्हा प्रश्नोत्तरे नव्हती. २०२० च्या सप्टेंबरात साथीमुळे तो वगळला गेला. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. म्हणजे उपप्रश्न गेला. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द नुसता हवेत विरू नये म्हणून लोकसभेने १९५३ मध्ये, मावळंकर अध्यक्ष असताना, आश्वासन समिती नेमली. ‘मी यात लक्ष घालतो’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ ही वाक्येसुद्धा ती आश्वासन म्हणून टिपून ठेवते आणि तीन महिन्यांत पूर्तता मागते. व्याकरण शिकवणारीला यापरता आनंद कोणता? आपल्या घरातही अशी एक समिती हवी, असे मी एकदा जेवताना बोलून दाखवले. ‘विचाराधीन आहे,’ असे उत्तर मिळाले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता सरकारी नोकरीत आहे. अधिवेशनाच्या दिवसांत उत्तरांचे पहिले मसुदे तिच्या टेबलावर तयार होतात. गेल्या दिवाळीला ती फराळ घेऊन आली होती. चकली मोडता मोडता म्हणाली, “मॅडम, तुम्ही कर्ता घालायला सांगायचात ना? मी एकदा घातला. ‘अमुक कार्यालयाने प्रस्ताव चौदा महिने पाठवला नाही,’ असं सरळ लिहिलं.”

“मग?”

“वरून परत आला. ‘प्रस्ताव प्राप्त होण्यास विलंब झाला’ असा करून.”

मी काही बोलले नाही. तिनेच चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, “पण माझी टिपणी फायलीत तशीच आहे हं. ती काढता येत नाही. कुणी नीट उपप्रश्न विचारला, तर सापडेल.”