बँकॉकची टॅक्सी : आधी एक मजला खाली उतरा

मध्यरात्र उलटून गेली आहे. मुंबईहून आलेले विमान बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरले आहे. मुलगी पेंगुळलेली, आजींचे गुडघे आखडलेले आणि बाबांच्या दोन्ही हातांत बॅगा. कस्टम्सचे दार ओलांडताच टापटीप कपड्यांतला एक माणूस हसत पुढे येतो. ‘टॅक्सी, सर? हॉटेल?’ त्याच्या हातात छापील दरपत्रकही असते. परक्या मुलखात कुणी आपुलकीने विचारले म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नेमका तिथेच खिशाला चाट बसते. कारण हा माणूस ठरवून सांगतो ते भाडे मीटरच्या दुप्पट, कधी त्याहूनही अधिक असते.

खरे तर योग्य भाड्याची टॅक्सी तिथून अवघा एक मजला खाली उभी असते. प्रवासी बाहेर येतात तो दुसरा मजला. अधिकृत टॅक्सीतळ आहे पहिल्या मजल्यावर.

चिठ्ठी जपून ठेवा

टॅक्सीतळावर रांगेने यंत्रे मांडलेली असतात. जवळचा प्रवास, नेहमीची गाडी आणि जास्त सामानासाठी मोठी गाडी अशा वेगवेगळ्या रांगा असतात. बटण दाबले की चिठ्ठी मिळते. तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी आपली टॅक्सी उभी असते. ही चिठ्ठी चालकाच्या हाती देऊन टाकू नये. तक्रारीची वेळ आलीच, तर गाडी आणि चालक शोधण्यासाठी तीच उपयोगी पडते. तक्रारीसाठी तेथील परिवहन खात्याचा १५८४ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

बँकॉकमध्ये टॅक्सीला मीटर आले १९९२ साली. त्याआधी प्रत्येक प्रवासाची सुरुवात घासाघिशीनेच होई. आजही एखादा चालक ‘मीटर नको, इतके द्या’ म्हणून पाहतो. अशा वेळी आवाज चढवू नये. थायी माणसाला चारचौघांत आरडाओरडा रुचत नाही. हसून ‘मीटर’ एवढेच म्हणावे. थायी भाषेतही जवळजवळ हाच शब्द आहे. तरीही त्याने ऐकले नाही, तर खाली उतरून दुसरी चिठ्ठी घ्यावी.

चालक नेहमीच लबाड नसतो

साध्या गाडीचे मीटर ३५ बाटपासून सुरू होते. शहर पंचवीस-तीस किलोमीटरवर असल्याने मध्यवस्तीपर्यंत साधारण तीनशे-चारशे बाट होतात. मात्र उतरताना चालक मीटरपेक्षा जास्त मागतो आणि आपली मंडळी चिडतात. इथे थोडे थांबावे. विमानतळाचा अधिभार मीटरमध्ये दिसत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. अनेक वर्षे तो ५० बाट होता. द्रुतगती मार्गाचा टोलही प्रवाशानेच भरायचा असतो. वाहतुकीत गाडी अडकली, तरी मीटर हळूहळू पुढे सरकते. यातले काहीच फसवणूक नव्हे. नियम ठाऊक नसला की प्रामाणिक चालकही चोर वाटतो आणि सहलीचा पहिलाच दिवस भांडणात जातो.

निघण्यापूर्वी घरीच दोन कामे उरकावीत. हॉटेलचे नाव व पत्ता थायी लिपीत लिहून घ्यावा. अनेक चालकांना इंग्रजी वाचता येत नाही. आणि पैसे बदलताना शंभराच्या नोटा मागाव्यात; हजाराची नोट पुढे केली की सुट्ट्यांची अडचण ठरलेली. विमान सुवर्णभूमीवर उतरणार की जुन्या डॉन मुआंगवर, हेही तिकिटावर पाहून ठेवावे.

सामान थोडे असेल आणि विमान दिवसा पोचणार असेल, तर २०१० साली सुरू झालेली रेल्वे तळघरातूनच सुटते. ती फार स्वस्त पडते. पण आजी, पेंगुळलेले मूल आणि बॅगा सोबत असतील, तर टॅक्सीच बरी.

ज्याने न बोलावता येऊन हसून विचारले त्याला तितकेच हसून ‘नको’ म्हणावे आणि सरकत्या जिन्याने खाली उतरावे. एवढे जमले, की आजींना गाडीच्या खिडकीतून बँकॉकचे दिवे निवांत पाहता येतात.