राजवैद्य नेमताना

मुलगा कॉम्प्युटर गेममधून डोकं वर काढत नाही, अशी तक्रार तुमच्यापैकी अनेक जण घेऊन येता. म्हणून आधीच सांगून टाकतो, मीही खेळतो. एकच गेम, ‘क्रुसेडर किंग्ज २’. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने तो २०१२ साली काढला.

सुरुवातीला तो मला मुळीच आवडला नव्हता. साल १०६६, समोर युरोपचा नकाशा, बारीक अक्षरांत शेकडो राजे-सरदार, त्यांच्या सोयरिकी आणि भाऊबंदकी. लढाई म्हणाल तर नकाशावर दोन बाहुले तलवारी उगारणार. दिवसभर रिपोर्ट वाचून घरी आल्यावर पुन्हा तेच वाचन! दोन संध्याकाळींत बंद केला.

परत वळलो तो ‘द रीपर्स ड्यू’ या २०१६ च्या पुरवणीमुळे. तिच्यात आजार लक्षणांपासून सुरू होतो. आधी खोकला, ताप, पोटदुखी. नेमकं काय झालंय ते नंतर कळतं, कधी कळतही नाही. मग पदरी वैद्य ठेवायचा. उपचार नेहमीचा घ्यायचा की धाडसी, हे मात्र तुम्ही ठरवायचं. गुण येईल, किंवा एखादा अवयवही जाईल. माझ्या सरदाराला खोकला झाला आणि मी उमेदवार वैद्यांची यादी वर-खाली करत बसलो. त्यांच्या विद्येचा आकडा समोर होता, तरी ठरेना. तपासणीच्या खोलीत ‘विचार करून सांगा’ असं मी रोज म्हणतो. तुमच्याकडे तर असा आकडाही नसतो. हल्ली मी पर्याय सांगितले की थोडा गप्प बसतो, तुम्हाला प्रश्न सुचेपर्यंत.

प्लेग आला की गढीचे दरवाजे लावून आत बसता येतं. पण दाणागोटा संपत जातो, आणि रोग आधीच आत शिरलेला असू शकतो. हे इतिहासाला धरून आहे. १३४७ मध्ये प्लेग जहाजांबरोबर सिसिलीतल्या मेसिनाला पोचला. पुढे १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोवनिक, या बंदराने प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा नियम केला. नंतर त्याचे ४० झाले. इटालियन भाषेतल्या त्या चाळिसावरूनच ‘क्वारंटाइन’ शब्द आला. त्या काळचे वैद्य दूषित हवेला दोष देत. जंतू सापडला १८९४ मध्ये, हाँगकाँगला, अलेक्सांद्र येर्सिन यांना. दोनच वर्षांनी प्लेग मुंबईत होता, आणि तिथून पुण्यात.

गेममधल्या वैद्याकडे नाही ते आपल्याकडे आहे: स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन. वेळेत दिली तर प्लेग बरा होतो. वेळेत, हे मात्र महत्त्वाचं. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पहिल्या २४ तासांत औषध सुरू व्हावं लागतं.

आता मुलांबद्दल. गेम कुठला आहे ते एकदा शेजारी बसून बघा, मग वेळ ठरवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे नजर टाकायला लावा. झोपेची वेळ मोडू देऊ नका. ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये स्पेसबार दाबला की काळ जागच्या जागी थांबतो, त्यामुळे ‘आत्ता बंद करता येत नाही’ ही सबब निदान या गेमला चालत नाही. आमच्या घरात ती माझीही चालत नाही.