भोर-वेल्ह्याचे घोंगडे

भोरचा १८६९ सालचा राजवाडा मागे टाकून आम्ही वेल्ह्याकडे निघालो, तेव्हा तोरणा ढगांत बुडाला होता. या मावळात घोंगडे ही हौस नव्हे, पावसाळ्याची गरज आहे. एका धनगरवाड्यावर वृद्ध मेंढपाळाने आपले घोंगडे आमच्या हाती दिले. दख्खनी मेंढीची राठ लोकर बोचत होती, काठ किंचित वाकडे होते, चिंचोक्याच्या खळीने पोत ताठ झाला होता.

आमच्या दुकानातील ‘हातमागाचे’ घोंगडे गाडीतच होते. बाबांनी दोन्हींची एकेक दशी दिव्यावर धरली. त्यांच्या दशीला जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली. आमची दशी वितळून तिचा टणक मणी झाला.

“शेटजी, हे मेंढीचं न्हाई,” एवढेच ते म्हणाले.

अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल विकणे, सांगितला आहे. अजाणता का होईना, आम्ही तेच करीत होतो; विणकर सणगराची मजुरीही त्यात बुडत होती. परतल्यावर त्या चिठ्ठ्या काढल्या आणि ओळखीच्या ग्राहकांना दाम परत नेण्याचा निरोप धाडला.