बिऱ्हाड पाठीवर

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते बिऱ्हाड स्वतःच्या पाठीवर घेऊन डोंगर चढायची वेळ आली, की त्या विंचवाबद्दल आदर वाटू लागतो. निदान मला तरी वाटला.

२०१८ च्या डिसेंबरात आमच्या गावातल्या काही मंडळींनी राजगड–तोरणा–रायगड अशी पायी वाट करायचं ठरवलं. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघींनी नावं दिली. वहिनी तेव्हा बावन्न वर्षांच्या, मी पंचेचाळीसची. मुलं मोठी झालेली. "जा की," हे म्हणाले, "फक्त फ्रीजमध्ये काय काय आहे ते लिहून ठेव."

मग मी तयारीला लागले. दशम्या चाळीस, स्टीलचे तीन डबे, लोणच्याची काचेची बरणी, दोन किलो कांदे-बटाटे, कढई, झारा, 'असू दे' म्हणून जाड चादर आणि 'लागली तर' म्हणून दुसरी. कुणी उपाशी राहायला नको, ही आपल्या बायकांची जन्माची खोड! निघताना वाण्याच्या काट्यावर पिशवी ठेवली, तर चौदा किलो दोनशे ग्रॅम. माझं स्वतःचं वजन चौपन्न!

गुंजवण्याच्या बाजूनं राजगड चढताना शेवटी चोरदरवाजा लागतो. तिथं कातळातल्या अरुंद पायऱ्या. एका हातानं रेलिंग धरायचं, दुसऱ्यानं खडक, आणि दरवाजातून वाकून आत शिरायचं. मी वाकले आणि पाठीवरच्या डब्यांनी मला मागं ओढलं. खालून वहिनींनी पिशवीला हात लावला म्हणून बरं. पद्मावती माचीवर पोचले तेव्हा गुडघा टम्म सुजला होता.

दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवर उभी राहून मी बाकीच्यांना तोरण्याच्या वाटेला लागताना पाहिलं. माझ्याबरोबर वहिनीही मागं फिरल्या. "अगं, गड कुठं पळून जातोय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. आमच्या वहिनींनी लग्नानंतर स्वतःसाठी म्हणून ठरवलेली ती पहिली सहल होती, आणि ती माझ्या कढईपायी गेली.

घरी आल्यावर वही काढली आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. किराण्याचा हिशेब आपण पैशापैशाचा ठेवतो, मग पाठीचा का ठेवू नये? अनुभवी मंडळींचा ठोकताळा असा, की पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत असावं. म्हणजे माझ्यासाठी पावणेअकरा किलो.

काट्यानं बरंच शिकवलं. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. म्हणजे मी गडावर पाणी वाहून नेलं, तेही न पिण्याजोगं! पुरीभाजीपेक्षा कोरडा शिधा बरा. पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममागे चार उष्मांक मिळतात, तर तुपातेलाच्या एका ग्रॅममागे नऊ. म्हणूनच शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, तुपातले लाडू हे वजनाला हलके आणि पोटाला भारी. आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला सातूचं पीठ, गूळ, दशम्या आणि मेतकूट बांधून देत, त्यामागे केवढा हिशेब होता बघा.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या डिसेंबरात, आम्ही दोघी पुन्हा निघालो. या खेपेस यादी अशी होती: रिकामी सॅक एक किलो दोनशे, स्लीपिंग बॅग एक तीनशे, कपडे एक तीनशे, स्टोव्ह आणि पातेल्यातला माझा वाटा आठशे ग्रॅम, बॅटरी-औषधं-दोरी वगैरे नऊशे. झाले साडेपाच किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. त्यात काटछाट नाही, कारण राजगड ते तोरणा या दिवसभराच्या धारेवर पाण्याचा भरवसा धरता येत नाही. राहिला शिधा. तो दोघींचाही मीच बांधला होता. गेल्या वर्षीचा चटका ताजा, म्हणून मी हात अगदीच आखडता घेतला. माणशी रोज साडेतीनशे ग्रॅम, चार दिवसांचा एक किलो चारशे. एकूण आठ किलो नऊशे. काय मिरवले म्हणून सांगू!

राजगड अगदी सुखात चढले. आळू दरवाज्यातून उतरून धारेला लागलो, तोरण्याची बुधला माची गाठली, मेंगाई देवीच्या देवळाशी पोचलो. गेल्या वर्षी नुसती डोळ्यांनी पाहिलेली ती वाट पायांखालून गेली, तेव्हा दोघींचेही डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी मात्र माझी हुशारी उघडी पडली. तोरणा उतरून हारपुडाकडे जाताना वहिनी एकदम खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, हातांना कंप. आदल्या रात्री खिचडी कमी पडली होती आणि त्यांनी, घरी करतात तसंच, "मला भूक नाही" म्हणून आपला वाटा पोरांना दिला होता. मी गूळ-शेंगदाणे शोधले, तर पुडीत तळाशी चार दाणे. आमच्यातल्या एका मुलानं आपल्याकडचा लाडू दिला, साखरपाणी पाजलं, अर्ध्या तासानं त्या उभ्या राहिल्या. गावात एका घरी गरम भाकरी आणि पिठलं मिळालं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

एकदा माझ्या हौसेपायी त्या मागं फिरल्या, एकदा माझ्या कंजुषीपायी बसल्या. मी तसं बोलूनही दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "चूक माझीही आहे. भूक लागलीय हे सांगायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही बघ."

मैत्रिणींनो, ओझं कमी करायचं ते सामानातून, शिध्यातून नव्हे. सामान पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेवढंच भरतं. शिधा मात्र रोज हलका होतो. दिवसभर डोंगर चालायचा तर माणशी रोज सहाशे ग्रॅमच्या आसपास कोरडा शिधा हवाच. तेवढा नेला असता तरी माझी सॅक दहा किलोच्या आतच राहिली असती!

चौथ्या दिवशी मोहरी, सिंगापूर करत सिंगापूर नाळेनं कोकणात उतरलो. नाळ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. तिथं पाठीवरचं ओझं हललं की तोल गेलाच. आमच्या सॅका हलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी रायगडाच्या पायऱ्या चढलो. १६७४ साली जिथं महाराजांना राज्याभिषेक झाला, तिथं वहिनी कितीतरी वेळ हात जोडून उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला भूक लागलीय." मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं!

जाता जाता

* मूगडाळ आणि तांदूळ घरीच भाजून, तिखट-मीठ-हळद घालून खिचडीच्या पुड्या बांधाव्यात. मूगडाळ लवकर शिजते, इंधन वाचतं.
* सातूचं पीठ, गूळ आणि पाणी: चूल न पेटवता न्याहरी तयार.
* ओलं आणि जड ते आधी संपवावं. पोळीभाजी पहिल्या दिवशी, दशम्या दुसऱ्या दिवशी, कोरडं त्यानंतर.
* स्लीपिंग बॅग तळाशी, शिधा आणि पाणी मधोमध पाठीला चिकटून, हलकं सामान वर. बाहेर काही लोंबकळू देऊ नये. कंबरपट्टा घट्ट आवळावा, म्हणजे भार खांद्यांवर न येता कमरेवर येतो.
* एका दिवसाचा जादा शिधा वेगळ्या पुडीत ठेवावा आणि गूळ-शेंगदाणे प्रत्येकीनं आपल्या खिशात.
* काच आणि स्टीलचे डबे घरीच ठेवावेत. रिकाम्या पिशव्या मात्र परत आणाव्यात.
* गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी.